देखस म्हणजे कोण?

भामरे सरांसमोर ‘काच फुटली’ असं म्हणायची सोय नव्हती. “फुटली? आपोआप? कर्ता कोण?” असं ते लगेच विचारत. काच फोडणाऱ्याला शिक्षा व्हावी असा त्यांचा हेतू अजिबात नसे. कुणी पुढे येऊन “मी फोडली, सर” म्हणालं की त्यांचं समाधान व्हायचं. “हां, आता वाक्य पूर्ण झालं,” म्हणायचे आणि तासावर निघून जायचे.

धुळ्याच्या त्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले तेव्हा सरांच्या निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. ते मराठी शिकवत. शिक्षकखोलीत वर्तमानपत्र सर्वांत आधी त्यांच्या हाती पडायचं आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याच्या समासात पेन्सिलीने जागोजागी ‘कोणी?’ लिहिलेलं असायचं. ‘निर्णय घेण्यात आला.’ कोणी? ‘रस्ता खोदून ठेवण्यात आला आहे.’ कोणी? सुरुवातीला मला वाटलं, सर फार राजकारणी दिसतात. नंतर कळलं की त्यांना राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. कर्ता सापडला नाही की त्यांना खरोखरच अस्वस्थ व्हायचं, एखाद्याला खोलीत वाकडी टांगलेली तसबीर बघून व्हावं तसं.

कविता शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण त्यांचं शिकवणं भूमितीसारखं होतं. शेवटी अर्थ सिद्ध व्हायचा आणि मुलं सुटकेचा निःश्वास टाकून वह्या मिटायची. “कवितेला अर्थ एकच असतो,” ते म्हणायचे. “तो आपल्याला सापडत नाही, ही आपली अडचण. कवितेची नाही.”

शाळेत ते पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी बोलत. बायकोचा फोन आला की मात्र व्हरांड्यात जात, आणि तिकडून त्यांची अहिराणी ऐकू येई, भरभर, सुरात, मधेच हसत. मी बोदवडची. आमच्याकडची बोली वेगळी. धुळ्यात मी ‘मले’, ‘करून राह्यले’ म्हटलं की पोरी तोंडावर हात धरून हसायच्या. त्यामुळे सरांचं ते व्हरांड्यातलं बोलणं मला अर्धं कळायचं आणि अर्धं नुसतं गोड लागायचं.

तर गाणं. स्नेहसंमेलनात नववीच्या मुलींना एका अहिराणी गाण्यावर नाच करायचा होता. तेव्हा ते गाणं सगळ्यांच्या मोबाइलवर होतं, हळदीला वाजायचं, रिक्षात वाजायचं. विरहाचं गाणं, पण चाल अशी की पाय हलावेत. मुख्याध्यापक सावध गृहस्थ होते. त्यांनी गाण्याचे शब्द कागदावर उतरवून भामरे सरांकडे पाठवले. वावगं काही नाही ना, तेवढं बघा, म्हणाले.

सरांनी तो कागद दोन दिवस ठेवून घेतला. ध्रुवपद असं होतं:

दार लावत नही, दिवा मालत नही,
वाट देखस, वाट देखस,
नाव मातर लेत नही.

मला ‘मालत’ अडलं. विझवत, असं सरांनी सांगितलं. “मग सोपं आहे की,” मी म्हटलं. “ती त्याची वाट बघतेय.”

“ती? ती कुठे आहे यात?” सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “दाखवा.”

मी बघितलं. ती नव्हती. तोही नव्हता.

“मराठीत वाट बघतो म्हटलं की तो आला, बघते म्हटलं की ती आली, बघतोस म्हटलं की तू आलास. अहिराणीत मी देखस, तू देखस, तो देखस, ती बी देखस. बठ्ठा देखस.” बठ्ठा म्हणजे सगळे. शिक्षकखोलीत त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला अहिराणी शब्द असावा. “बाई, मी जन्मभर ही भाषा बोललो. तिच्यात कर्ता नसला तरी चालतं, हे माझ्या परवा ध्यानात आलं.”

“पण नाव घेत नाही म्हणतेय. नवऱ्याचं नाव बायकाच घेत नाहीत.”

“पूर्वी पुरुषही बायकोचं नाव घेत नसत. आमचे आबा आईला ‘आयकस का’ म्हणून हाक मारायचे.” त्यांनी कागद परत ओढला. “आणि समजा, हा कुणी मित्र तिसऱ्याच माणसाला सांगतोय, की बाबा रे, अमुक एक जण तुझी वाट बघतो. किंवा ती त्याला खिजवतेय, की वाट तर तूच बघतोस, वर नाव घेत नाहीस. मग गाणं विरहाचंसुद्धा राहत नाही.”

शेवटी त्यांनी त्या कागदावर मुख्याध्यापकांसाठी शेरा लिहिला: ‘अर्थ अनिश्चित. नाचास हरकत नाही.’ आम्ही खूप हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी कुठून तरी त्या गायकाचा नंबर मिळवून फोनही लावला. गायक म्हणाला, शब्द स्टुडिओवाल्याने दिले. स्टुडिओवाला म्हणाला, जुनंच आहे, बायका म्हणतात. कोणत्या बायका, ते त्याला माहीत नव्हतं.

हे सगळं तिथेच संपलं असतं. पण माझ्या प्रयोगशाळेत रेखा होती.

रेखा प्रयोगशाळेत परिचर होती. सोनगीरच्या बाजूची मुलगी, सावद्याला दिलेली. नवरा किशोर केळीच्या गाड्या भरून द्यायच्या कामावर होता. दोन वर्षांपासून ती माहेरी होती. कशावरून बिनसलं ते तिला नीट सांगता यायचं नाही. मारहाण नाही, दारू नाही, सासूचा जाच नाही. “बोलणंच बंद झालं, बाई,” एवढंच म्हणायची. आता दोन्हीकडच्या लोकांनी मिळून फारकतीचं ठरवलं होतं. सोमवारी कोर्टात सह्या व्हायच्या होत्या. आणि त्याआधीच्या बुधवारी किशोरने मोबाइलच्या स्टेटसला ते गाणं टाकलं.

गुरुवारी ती मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत आली आणि थेट सरांसमोर उभी राहिली.

“सर, ते गाणं तुम्ही तपासलं होतं ना. वाट देखस म्हणजे कोण देखस?”

सरांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “ते सांगता येत नाही, रेखा.”

“तो मला सांगतोय का, की मी वाट बघतोय? का म्हणतोय, की तू बसलीस वाट बघत, बस?”

“दोन्ही होऊ शकतं.”

“मग मी सही करू का नको करू?”

सरांनी डबा मिटला. रेखाचा आवाज चढला. “सर, मी पण याच शाळेत शिकले. तुमच्याच वर्गात. पोरांना अख्ख्या कवितेचा अर्थ सांगता. मला एका ओळीचा सांगा.”

“उद्या सांगतो,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते चार अर्थ लिहून घेऊन आले. मी, तू, तो, ती, प्रत्येकाखाली कारणं. रेखाने कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, “यातला खरा कोणता?”

सरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलाचा असतो तसा झाला होता. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, “पहिला. मी. तो म्हणतोय, मी वाट बघतोय.”

“नक्की?”

“नक्की.”

रेखा गेल्यावर मी विचारलं, “सर, कशावरून?” तर ते म्हणाले, “बाई, तासाची घंटा झाली.” घंटा झाली नव्हती.

रविवारी आम्ही तिघं एसटीने सावद्याला गेलो. एकटीने जायचा रेखाला धीर नव्हता. सर म्हणाले, “अर्थ मी सांगितलाय, मला यायलाच हवं.” आणि मी का गेले हे मला अजूनही सांगता येणार नाही. रेखाने हात धरला, म्हणून गेले. भुसावळ गेल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या, तेव्हा रेखा म्हणाली, “मी उतरत नाही. परत जाऊ.” सर म्हणाले, “परतीचंही तिकीट सावद्याहूनच मिळेल.”

किशोर एका शेडजवळ ट्रकमध्ये घड लावत होता. अंगात केळीच्या चिकाने काळे डाग पडलेला बनियन. रेखाला बघून तो तसाच उभा राहिला, हातात घड घेऊन. कुणी तरी बोलायला हवं होतं. सरांनी गळा साफ केला.

“मी भामरे. रेखाच्या शाळेत शिक्षक आहे. तुम्ही ते गाणं लावलंत, वाट देखस. त्यात वाट कोण बघतंय?”

किशोरने माझ्याकडे पाहिलं, मग रेखाकडे. “कोन वाट पाहून राह्यलं?”

“गाण्यात.”

“मले काय मालूम, सर? मले त्यातलं अर्धं समजतच नाही. धुळ्याकडची अहिरानी हाये ते.”

“मग लावलंत कशाला?”

त्याने घड खाली ठेवला. बराच वेळ तो हात पुसत राहिला. मग सरांना नाही, जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाला, “ही घरी असं बोलायची. देखस, करस. दोन वर्सं झाले, घरात तसं कोनी बोलत नाही. ते गानं लावलं की ही बोलून राह्यली असं वाटते. म्हून लावतो.”

रेखा रडली नाही. ती एकदम भडकली. “दोन वर्षं एक फोन केला नाही आणि गाणी काय लावतो?”

“फोन करून काय बोलू? बोललो की तू चिडते.”

“मी आता चिडले का?”

“हो.”

ते दोघं शेडच्या मागच्या बाजूला गेले. आम्हाला एका माणसाने बसायला उलटे क्रेट दिले. तासाभराने रेखा मांडीएवढा केळीचा घड घेऊन परत आली आणि म्हणाली, “चला.” तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

पुढचं सांगून टाकते. सोमवारी तिने सही केली नाही. दोन महिन्यांनी ती सावद्याला गेली, मग भांडून आली, मग पुन्हा गेली. आता तिकडेच आहे. अधूनमधून मला फोन करते आणि किशोरच्या तक्रारी सांगते. सुखी आहे का, असं मी विचारत नाही. तक्रारी मात्र रोज बोलणाऱ्या माणसाच्या असतात.

परतीच्या वाटेवर सरांची अवस्था विचित्र झाली होती. जळगावच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीला वेळ होता. रेखा बाटलीत पाणी भरायला गेली.

“माझा अर्थ चुकला,” सर म्हणाले.

“पण झालं ते बरंच झालं ना?”

“ते वेगळं. मी नक्की म्हणालो होतो. मला नक्की माहीत नव्हतं. तिनं सही करू नये असं मला वाटलं, म्हणून मी नक्की म्हणालो.” मग ते म्हणाले, “बाई, असं मी दुसऱ्यांदा केलं.”

आणि त्या फलाटावर, कंडक्टर गावांची नावं ओरडत असताना, त्यांनी मला त्यांच्या अक्काची गोष्ट सांगितली. अक्का म्हणजे थोरली बहीण. सर आठवीत होते तेव्हा तिचा नवरा सुरतेला गिरणीत कामाला गेला. ती माहेरी आली. वर्षभराने त्याचं एक कार्ड आलं. अक्काला वाचता येत नव्हतं. सर शाळेतून आले, दप्तरही खाली ठेवलं नव्हतं, तेवढ्यात अक्काने कार्ड हातात दिलं. आबा ओट्यावर बसलेले. कार्डात ख्यालीखुशालीच्या चार ओळी होत्या आणि शेवटी लिहिलं होतं: ‘वाट पाहू नको. येतो.’

“अक्कानं विचारलं, येतो म्हणजे काय रे? येणार, की निघालो कायमचा? आपण निघतानाही येतोच म्हणतो ना, बाई. जातो कुणी म्हणत नाही. मला काय कळत होतं? मी आठवीत. पण मराठीत पहिला नंबर होता माझा. मी म्हटलं, येतो म्हणजे येतो. येणार आहे.” सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. “तो आला नाही. आबांनी अक्काचा पाट लावून द्यायचं म्हटलं. ती म्हणाली, तो येणार आहे, भावानं वाचलंय. तिचं सगळं आयुष्य त्यात गेलं. शेती केली, आईबापांचं केलं, माझं शिक्षण केलं. मी एक क्रियापद चुकीचं वाचलं.”

विज्ञानाच्या माणसाला अशा वेळी काय बोलावं ते येत नाही. “तुम्ही लहान होतात,” असं काहीसं मी म्हटलं. तेवढ्यात रेखा बाटली घेऊन आली आणि धुळ्याची गाडी लागली.

सर निवृत्त झाले आणि सोनगीरजवळच्या त्यांच्या गावी अक्कासोबत राहायला गेले. मला जळगावला दुसऱ्या शाळेत नोकरी मिळाली. जायच्या आधी धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी त्यांच्याकडे गेले. सरांच्या बायको मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या. चहा सरांनीच केला. अक्का अंगणात खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. सडपातळ, ताठ, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. सर तिला अगदी घाबरून होते. ती “साखर जास्त पडनी” म्हणाली तर ते कप परत न्यायला निघाले.

सरांनी आज काही तरी मनाशी ठरवलेलं असावं. परका माणूस समोर असला की कधीकधी घरातल्या माणसाशी बोलायला बळ येतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि एकदम म्हणाले, “अक्का, ते सुरतनं कारड. मी चुकीनं वाचं का?”

अक्काच्या हातातली शेंग फुटली. दाणे तिने सुपात टाकले.

“कोनतं कारड?”

“येतो लिखेल व्हतं ते.”

“ते व्हय.” तिने दुसरी शेंग घेतली. “ते तू येवाना पहिले मी दोनदा वाचेल व्हतं.”

सरांना कळेना. मलाही कळेना. “तुले कोठे वाचता येत व्हतं?”

“चौथी शिकेल शे मी. तू पाळनामा व्हता तवय.”

“मंग माले कसाले वाचाले लायं?”

अक्का माझ्याकडे बघून बोलायला लागली, जणू हे भावापेक्षा मला सांगणं सोपं होतं. त्यातलं मला समजलं ते असं: नवरा येणार नाही, हे तिला कार्ड वाचताच कळलं होतं. पण आबांनी तिच्यासाठी दुसरा माणूस बघून ठेवला होता आणि तिला पुन्हा कुणाच्या घरी जायचं नव्हतं. तिला इथेच राहायचं होतं, या शेतात. ती स्वतः ‘येणार आहे’ म्हणाली असती तर आबांनी ऐकलं नसतं. शाळेत पहिला येणारा पोरगा कार्ड वाचून म्हणाला, म्हणजे खरं.

“मी कोननीच वाट देखी नही रे,” ती सरांना म्हणाली. “तुले काय वाटनं, इतला वरीस मी त्यानी वाट देखस?”

सर खाटेच्या कडेवर बसले. त्यांना हसावं की रडावं ते उमगत नसावं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका माणसाने अंगावर घेतलेलं ओझं दोन वाक्यांत उतरवून ठेवलं, तर त्याने हातांचं काय करायचं? काही वेळाने ते उठले आणि “चहा करतो” म्हणून आत गेले. चहा आमच्या समोरच होता.

तेव्हा अक्काने खाटेवरची माझी पत्रिका उचलली. मी वाकून तिला नमस्कार केला. तिने पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि मग माझ्यापुढे केली.

“तारीख कोनती शे, बाई? वाचीसन सांग.”

तारीख लाल अक्षरांत होती, बोटभर उंच. चष्मा तिच्या नाकावर होता. पत्रिका तिने सुलटी धरली होती, पण वर गणपतीचं चित्र होतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू असेल. उजेड कमी असेल. मी तिच्याकडे बघितलं, तर ती माझ्याकडेच बघत होती, शांतपणे. मी तारीख वाचली, वार सांगितला, नवरीचं गाव सांगितलं.

“हां,” ती म्हणाली आणि पत्रिका उशीखाली ठेवली.

आतून सर आले तेव्हा मी काही बोलले नाही. नंतरही कधी बोलले नाही. बोलून काय सांगणार होते? की तिला वाचता येतं की नाही ते मला कळलं नाही? मी त्या प्रसंगाचा दोन्ही बाजूंनी खूप विचार केला आहे. एक धरलं की दुसरं खरं वाटतं.

रिक्षा दारापर्यंत आली होती. मी बसले. सर निरोप द्यायला ओट्यापर्यंत आले, आणि तेवढ्यात अक्का खाटेवरून काही तरी म्हणाली. सर मागे वळले. इंजिनाच्या आवाजात मला शब्द ऐकू आले नाहीत. पण सर हसायला लागले. सहा वर्षांत त्यांना मी तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता ते वाकले, ओट्याच्या खांबाला धरलं, चष्मा नाकावरून घसरला तो त्यांनी सावरलाही नाही. अक्का न हसता शेंगा फोडत होती. रिक्षा वळली तरी सर हसतच होते, आणि मला हात करायचं विसरून गेले.